जांभळी झाक

मित्रांनो, त्या रविवारी सकाळी मी नेहमीसारखीच अनोळखी हातांतून फिरत होते. बाहेरच्या खोलीत ताईचा वर्ग भरला होता. चपलांच्या फडताळावर कॅमेऱ्यांच्या पिशव्या होत्या, शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या दाटीवाटीने मांडल्या होत्या. ताई म्हणजे माझी मालकीण. तिचे विद्यार्थी तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

आणि मी कोण? मी एक जुनी लेन्स आहे. कॅमेऱ्याच्या तोंडावर बसते आणि बाहेरचा उजेड आत नेऊन सोडते. अंगाने बुटकी, धातूची, हातात घेतली की अपेक्षेपेक्षा जड लागणारी. दूरचं जवळ आणून दाखवण्याची कला मला येत नाही. जवळचं हवं असेल तर फोटो काढणाऱ्यानेच पुढे सरकायचं. पण माझं तोंड मोठं उघडतं. अंधाऱ्या खोलीतही मी बऱ्यापैकी उजेड गोळा करते.

ताईच्या वर्गात सगळे नवशिके. बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा, एक नर्स, कॉलेजातल्या दोन मुली आणि असेच आणखी काहीजण. सगळ्यांचा प्रश्न एकच: खिसा लहान आहे, आधी लेन्स घेऊ की फ्लॅश? ताईचं उत्तरही ठरलेलं. आधी माझ्यासारखी एक स्वस्त, न सरकणारी लेन्स घ्या. मग फ्लॅश घ्या, पण मान वळवणारा. तो छताकडे वळवला की उजेड छतावरून मऊ होऊन खाली येतो. सरळ तोंडावर मारला तर घरातली सगळी माणसं पकडलेल्या चोरासारखी दिसतात.

मग जुनी लेन्स घेताना काय बघायचं हे सांगताना ती मला वर धरायची. चांगल्या लेन्सची पुढची काच तिरकी धरली की जांभळी झाक दिसते, ती त्या काचेवरच्या थराची असते, असं ती सांगायची. "आता हिच्यावर बघा. आहे का जांभळी झाक? नाही. कारण आमच्या बाबांना तो डाग वाटला, आणि त्यांनी तो घासून काढला."

त्या रविवारीही सगळे हसले. बाबा नेमके त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन आले. नेमके कसले, तो त्यांचा दर रविवारचा प्रवेशच होता. "आता तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "डाग दिसला तर माणसाने काढायचा नाही का?" हसू आणखी वाढलं. नर्स म्हणाली, काका, आमच्या घरी येऊ नका हं. बाबा म्हणाले, "येतो की, पण भांडी घासायला. काचा सोडल्या आता."

वर्ग संपल्यावर त्यांनी कप गोळा केले. मग टेबलावरून मला उचललं. वर्गातल्या सगळ्यांची बोटं माझ्यावर उमटली होती. त्यांनी खिशातला मऊ कातड्याचा तुकडा काढला, ठसे टिपून घेतले आणि टोपण लावून मला माझ्या जागेवर ठेवलं. ताई तोवर फोनवर बोलत आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाबा काम करायचे त्या चष्म्याच्या दुकानातून फोन आला. बाबा कामाच्या टेबलावर डोकं टेकून बसले होते, ते उठलेच नाहीत.

मित्रांनो, मला जे सांगायचं आहे ते त्या रविवारचं नाही. पण तिथून मागे गेल्याशिवाय ते सांगता येणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या काचा एकामागून एक बसवल्या. त्याआधी माझी पुढची काच हवा काढून घेतलेल्या एका मोठ्या भांड्यात ठेवली होती. तिथे तिच्यावर एक थर चढला, इतका पातळ की तो नुसत्या डोळ्यांना रंगापुरताच दिसावा. तीच ती जांभळी झाक. समोरून थेट उजेड आला तर त्याला माझ्या आत इकडेतिकडे उड्या मारू द्यायच्या नाहीत, एवढंच त्या थराचं काम. मला त्या रंगाचा फार तोरा होता.

पहिली कितीतरी वर्षं मी एका स्टुडिओत काढली. ओळखपत्रांसाठी टक लावून बसलेली माणसं, नवी बाळं, रुसून बसलेली भावंडं मी पाहिली. मग फिल्मचे कॅमेरे गेले आणि त्यांच्याबरोबर माझं कामही गेलं. मी एका जुन्या सामानाच्या दुकानात, काचेच्या कपाटात, एका म्हाताऱ्या फ्लॅशशेजारी येऊन पडले. धूळ, अंधार आणि अधूनमधून कुणीतरी उचलून परत ठेवणं, असं आमचं आयुष्य चाललं होतं.

तिथे एक दिवस ताई आली. तेव्हा ती कुणाची ताई नव्हती, कॉलेजातली एक पोर होती. आतेभावाने वापरून दिलेला कॅमेरा तिच्या गळ्यात होता आणि बरोबर बाबा होते. एका संगीतवर्गाने आपल्या वार्षिक कार्यक्रमाचे फोटो काढायला तिला सांगितलं होतं. तिचं पहिलं काम. सभागृहात अंधार असणार, आणि कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स अंधारात आंधळी.

दुकानदार सरळ माणूस होता. त्याने माझ्या शेजारच्या फ्लॅशला हातही लावू दिला नाही. हा जुन्या काळचा आहे, याच्या पायातून कॅमेऱ्याला झटका बसतो, तुझा डिजिटल कॅमेरा जळेल, म्हणाला. दुसरा एक नवा, स्वस्त फ्लॅश होता, पण त्याची मान वळत नव्हती. मग त्याने मला बाहेर काढलं. "फ्लॅश घेतलास तर उजेड बरोबर घेऊन फिरायचं. ही घेतलीस तर आहे त्या उजेडात भागवायचं. बघ बाई, काय परवडतंय."

ताई गोंधळून बाबांकडे बघायला लागली. बाबांनी मला हातात घेतलं, आणि मी चकित झाले. चष्म्याच्या काचा घासण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांचे हात होते ते. त्यांच्या चष्म्याच्या दुकानात त्यांना सगळे भिंगमास्तर म्हणायचे. त्यांनी मला ट्यूबलाइटसमोर धरलं, तिरकं केलं, आतून बुरशी आहे का पाहिलं. माझं कडं कानाजवळ नेऊन फिरवलं. "काच घे, पोरी," ते म्हणाले. "काच चांगली आहे. दिवा काय, नंतरही घेता येईल."

माझं बूड आणि तिच्या कॅमेऱ्याचं तोंड जुळत नव्हतं. मध्ये एक कडं बसवून दुकानदाराने आमची सोयरीक लावून दिली.

रस्त्यात ताईला धीर कुठला! चालता चालता तिने कॅमेरा डोळ्याला लावला. तारेवरची कबुतरं, नळाखालची बादली, पाठमोरा हातगाडीवाला, जे दिसेल ते ती माझ्यातून बघत होती. फार वर्षांनी मी कामाला लागले होते. बाबा तिचं कोपर धरून तिला खड्ड्यांतून सांभाळत चालले होते.

"पुढच्या काचेवर जांभळा तवंग आहे बघ," ते म्हणाले. "तेलकट हात लागून लागून बसतो असा. चाकावर घासून घेऊ का? फार वेळ नाही लागायचा."

"हं," ताई म्हणाली.

"घेऊ ना? तू म्हणालीस तरच घेतो."

"हो बाबा, घ्या ना," ताई म्हणाली, आणि कबुतरं उडाली म्हणून चुकचुकली.

मित्रांनो, तेव्हा मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. पण लेन्सला फक्त बघता येतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ताई कॉलेजात गेली असताना बाबांनी मला आपल्या दुकानात नेलं. माझी पुढची काच त्यांनी इतक्या अलगद सोडवली की मला कळलंही नाही. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकतीवर काच घासायची गुलाबी पूड पाण्यात कालवून लावली आणि ते चाक अगदी हळू फिरवायला लागले. चष्म्याच्या साध्या काचेवर असा रंग दिसला तर तो मळच असतो. त्यांनी हजारो काचांवरचा तो काढला होता. थोडं घासायचे, उजेडाकडे धरून बघायचे, पुन्हा थोडं घासायचे. त्यांच्याइतक्या मायेने मला आजवर कुणीही हाताळलेलं नाही. आणि त्या मायेने माझा रंग निघून गेला.

संध्याकाळी त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर, एका स्वच्छ फडक्यावर ठेवलं. ताई आल्यावर म्हणाले, आता बघ, पाण्यासारखी झाली.

ताईने मला तिरकं करून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. खालच्या आवाजात म्हणाली, "तो डाग नव्हता, बाबा. तो मुद्दाम चढवलेला थर असतो. उद्या माझं पहिलं काम आहे. तुम्हाला काय कळतं यातलं? कशाला हात लावलात?"

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिला सगळं कळलं नाही, पण लेकीचा चेहरा कळला. "अहो, तिला विचारायचं तरी आधी," ती म्हणाली.

बाबांनी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. तिचा अंगठा माझ्या कड्यावर जागच्या जागी थांबला. मी दोघांच्या मध्ये होते, म्हणून मला माहीत आहे. तिला रस्त्यातलं आठवलं होतं. तिला कबुतरंही आठवली होती.

"सुचलं नाही," बाबा आईला म्हणाले. "चुकलं माझं."

ताई मला घेऊन आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणीकडून मान वळवणारा फ्लॅश मागून आणला. पण सभागृहाचं छत उंच आणि काळ्या रंगाचं होतं. फ्लॅशने वर फेकलेला उजेड ते छत गिळून टाकत होतं. बिचारा फ्लॅश प्रत्येक फोटोनंतर धापा टाकायचा. तो पुन्हा भरेपर्यंत मुलांचं गाणं पुढे गेलेलं असायचं. शेवटी ताईने तो काढून ठेवला आणि नाइलाजाने मला बसवलं.

रंगमंचावर एक लहान मुलगी व्हायोलिन वाजवत होती. दिवे तिच्या मागे होते. माझ्यावर थर असता तर मी तो उजेड शिस्तीत आत नेला असता. आता तो माझ्या उघड्या काचेतून आत शिरला आणि सांडला. मुलीच्या केसांभोवती, व्हायोलिनच्या कडेवर, तिच्या झुकलेल्या मानेवर तो दुधासारखा पसरला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो फोटो उमटला तेव्हा ताई पुढचं गाणं विसरून तोच बघत राहिली.

संगीतवर्गाच्या बाईंनी नेमका तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावला. हा उजेड कसा आणलात, असं त्यांनी विचारलं. थोडं तंत्र आहे, असं ताईने सांगितलं.

घरी बाबा वाट बघत होते. फोटो कसे आले, त्यांनी विचारलं. ठीक आले, ती म्हणाली. मग त्यांनी विचारलं, "लेन्स चालली का गं?"

"चालवून घेतली," ताई म्हणाली.

मित्रांनो, त्यापुढची वर्षं माझ्या कौतुकाची आहेत, पण ती सांगताना मला संकोच वाटतो. ताईचं नाव झालं. तिच्याकडे महागड्या लेन्स आल्या, चांगले फ्लॅश आले. तरी लोक तिच्याकडे यायचे ते 'तो उजेड' मागत. खिडकीशी बसलेली म्हातारी, दारात उभी राहिलेली नवी आई, असा उजेड पाठीशी असलेला फोटो काढायचा असला की ती पिशवीतून मलाच काढायची. आणि घरी मात्र मी बाबांनी बिघडवलेली लेन्स होते.

सुरुवातीला आईने ही गोष्ट मावशीला सांगितली, कौतुकानेच. मग मावशीने आणखी कुणाला. पुढे घरी कुणी आलं की ताईच ती रंगवून सांगायची. गोष्ट खरोखर मजेदार होती आणि सांगायला सोपी होती. एकदा सगळे हसले की मग मध्येच थांबून, नाही हो, त्यांनी मला विचारलं होतं, असं म्हणायचं तरी कसं? आज नाही तर पुढच्या वेळी म्हणू. पुढच्या वेळी बाबांनी स्वतःच आपलं वाक्य तयार ठेवलेलं असायचं. त्यांनी ते इतकं छान बसवलं होतं की त्यांना या थट्टेचा आनंदच होतो, असं समजणं ताईला सोयीचं गेलं. आणि कधीकधी, सगळे हसत असताना, ते एकदा तिच्याकडे बघायचे. रागाने नाही. ती ठीक आहे ना, एवढंच बघितल्यासारखं.

ते गेल्यावर घर माणसांनी भरलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्याबद्दल काहीतरी चांगलं बोलायचं होतं, आणि प्रत्येकाला तीच गोष्ट आठवत होती. किती साधा माणूस हो, लेकीची लेन्सच घासून ठेवली होती. रडता रडता लोक हसायचे. ताई उठून स्वयंपाकघरात जायची आणि धुतलेला कप पुन्हा धुवायची. तिने वर्ग बंद केला. मी पिशवीत, पिशवी कपाटात, कपाट बंद. मला तक्रार करायला जागा नव्हती. हा सगळा हशा माझ्याच जिवावर उभा होता.

आता तुम्हाला एक विनंती करते आणि मग शेवटचं सांगते. लेन्सची काळजी घेणं काही अवघड नाही. आधी धूळ उडवावी, मग मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावं. दमट कपाटात कोंडून ठेवू नये, अधूनमधून उजेड दाखवावा. पण मित्रांनो, यातलं काही विसरलात तरी चालेल. फक्त तुमचं माणूस शेजारून चालत काही विचारत असेल, तर तेवढ्यापुरता कॅमेरा डोळ्यावरून खाली घ्या. आणि त्याला काय उत्तर दिलंत ते नंतर चारचौघांतही लक्षात ठेवा.

काही आठवड्यांनी दुकानाच्या मालकांनी निरोप पाठवला. ताई लहानपणापासून त्यांना काका म्हणते. भिंगमास्तरांच्या टेबलाच्या जागी नवं यंत्र येणार होतं, त्यांचं सामान घेऊन जा, असा तो निरोप होता. हल्ली चष्म्याच्या काचा प्लॅस्टिकच्या असतात, यंत्रच त्या कापतं. काचेच्या काचा वापरणारी थोडी जुनी गिऱ्हाइकं उरली होती, त्यांच्यासाठी बाबा अर्धा दिवस जायचे. टेबल हलवायच्या आधी त्याचा फोटो काढायचा म्हणून ताईने कॅमेरा घेतला, आणि जरा थांबून मला बसवलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत एक यंत्र घरघरत काच कापत होतं. दोन कारागीर चौकटींत काचा बसवत होते. खिडकीशी बाबांचं टेबल होतं. ते चाक, नमद्याची चकती, गुलाबी पुडीचा पत्र्याचा डबा, खुर्चीच्या पाठीवर अडकवलेला डागाळलेला ॲप्रन. ताईने कॅमेरा उचलला. खिडकीतला उजेड माझ्यात आला आणि त्या रिकाम्या खुर्चीवर सांडला.

काका तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. "असा उजेड तर नाहीये इथे," ते म्हणाले. मग त्यांनी मला पाहिलं आणि हसले. "हीच का ती? घासलेली?"

ताईने मान हलवली.

"फार चिडवायचो आम्ही त्याला. त्याचा एक नेम होता बघ. गिऱ्हाइकाची काच चाकावर घ्यायची तर दोनदा विचारायचं. पहिल्यांदा माणूस नुसतं हं म्हणतं, ते धरायचं नाही, म्हणायचा. दुसऱ्यांदा हो म्हटलं की मगच हात लावायचा. इतक्या वर्षांत एकदाच मोडला त्याने तो नेम, तोही पोटच्या पोरीच्या काचेला." काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "नव्या कारागिरांना आवर्जून सांगायचा. मी घरच्या माणसाला गृहीत धरलं, तुम्ही कुणाला धरू नका, म्हणायचा. या दोघांनाही सांगितलंय. विचार हवं तर."

ताईने कॅमेरा गळ्यातून काढला आणि मला टेबलावर, त्या चाकाशेजारी ठेवलं. तिचे ओठ हलले. यंत्राच्या घरघरीत मलाही नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस?" काकांनी विचारलं, आणि मागे वळून यंत्र बंद करायला सांगितलं. घरघर थांबली. ते दोन कारागीरही हात थांबवून बघायला लागले.

ताई खुर्चीकडे बघत होती. मग ती त्या दोघांकडे वळली.

"बाबांनी नेम मोडला नव्हता," ती मोठ्याने म्हणाली. "त्यांनी मला विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा मी हं म्हटलं, दुसऱ्यांदा हो म्हटलं. आणि आईने त्यांना बोल लावला तेव्हा मी गप्प बसले." तिने मला टेबलावरून उचललं. "आणि काच बिघडली नव्हती. माझे जेवढे चांगले फोटो आहेत ना, ते सगळे त्यांच्या हाताने घासलेल्या या काचेतून आलेत."